पोटातलं पाणी, सीए-१२५ आणि ओव्हरीच्या कॅन्सरचं निदान

स्लाइडवाली

"सीए-१२५ वाढलंय. म्हणजे ओव्हरीचा कॅन्सरच ना?"

हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, इथे व्यनितही (व्यक्तिगत निरोपातही) येतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा धागाच काढते, म्हणजे पुढे कुणाला गरज पडली तर शोधल्यावर सापडेल.

मी सायटोपॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट मला क्वचितच भेटतात, पण त्यांच्या पोटातून किंवा छातीतून काढलेलं पाणी माझ्याकडे येतं आणि त्यात काय आहे ते मी मायक्रोस्कोपखाली बघते. त्यामुळे एक गोष्ट मला फार पोटतिडकीने सांगावीशी वाटते. रक्तातल्या सीए-१२५ या प्रथिनाचा आकडा फक्त संशय दाखवतो. निदान होतं ते पाण्यातल्या पेशींवरून आणि त्या पेशींवर दिसणाऱ्या प्रथिनांवरून, नाहीतर बायोप्सीवरून. आणि नेमकं हेच पाणी वाया जातं. पेशंटला धाप लागते म्हणून तीन-चार लिटर पाणी काढतात, त्यातलं पाच-दहा मिली लॅबला येतं आणि बाकीचं बेसिनमध्ये ओततात. त्या ओतलेल्या पाण्यात कितीतरी वेळा उत्तर असतं.

आधी सीए-१२५ बद्दल. बोस्टनमध्ये रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशींना चिकटणारी एक अँटिबॉडी तयार केली. ती ज्या प्रथिनाला चिकटते ते सीए-१२५. १९८३ मध्ये त्यांनी रक्तातली चाचणी प्रसिद्ध केली. ओव्हरीचा कॅन्सर असलेल्या १०१ बायकांपैकी ८२ टक्क्यांमध्ये पातळी ३५ युनिटच्या वर होती आणि निरोगी माणसांत फक्त १ टक्क्यात. आपल्या रिपोर्टवर कडेला जे "३५ पर्यंत नॉर्मल" छापलेलं असतं ते तिथून आलं आहे.

ते १०१ रुग्ण बहुतेक वाढलेल्या आजाराचे होते, हे आपण विसरतो. पहिल्या स्टेजला जवळपास निम्म्या बायकांत सीए-१२५ वाढतच नाही. उलट बाजूने, हे प्रथिन फक्त कॅन्सरच्या पेशी बनवतात असंही नाही. पोटाच्या, फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या आवरणाला आतून जे पेशींचं पातळ अस्तर असतं ते अस्तर डिवचलं गेलं की सीए-१२५ सोडतं. म्हणून पाळी चालू असताना, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार), फायब्रॉइडमध्ये, लिव्हर सिरोसिसमध्ये, हार्ट फेल्युअरमध्ये, पोटाच्या ऑपरेशननंतर आणि पोटाच्या टीबीत ते वाढतं. पोटात पाणी साठलंय एवढ्या कारणानेही ते शेकड्यांत जाऊ शकतं.

याच कारणाने पाण्यात सीए-१२५ मोजून फार काही कळत नाही. सिरोसिसच्या पाण्यातही ते भरपूर असतं. पाण्याचा खरा उपयोग दुसरा आहे, तो सांगते.

पाणी आलं की आधी आम्ही ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो. तळाला जो गाळ बसतो त्यात पेशी असतात. थोड्या गाळाच्या स्लाइड करतो. उरलेल्या गाळात प्लाझ्मा आणि थ्रॉम्बिन घालून त्याची गुठळी करतो, ती फॉर्मॅलिनमध्ये ठेवून बायोप्सीच्या तुकड्यासारखा मेणाचा ठोकळा बनवतो. हा सेल ब्लॉक. याचे पातळ छेद घेऊन एकेका छेदावर एकेका प्रथिनासाठी रंग देता येतो. याला आयएचसी म्हणतात.

ओव्हरीचा 'सिरस' नावाच्या प्रकारचा कॅन्सर असला की स्लाइडवर पेशींचे उंचसखल गुच्छ दिसतात, कधी कॅल्शियमचे छोटे गोळे दिसतात, त्यात कांद्याच्या चकतीसारखी एकात एक वर्तुळं. पण चिडलेल्या अस्तराच्या पेशीही मोठ्या, दोन-तीन केंद्रकांच्या, घाबरवणाऱ्या दिसतात. नुसत्या डोळ्यांना फसवणूक होऊ शकते. तिथे प्रथिनं मदत करतात. कॅलरेटिनिन अस्तराच्या पेशींना रंगवतं. बेर-ईपी४, एमओसी-३१, क्लॉडिन-४ हे कॅन्सरच्या पेशींना रंगवतात. पॅक्स-८ आलं तर पेशी ओव्हरी, ट्यूब, गर्भाशय या भागातून आल्याची दाट शक्यता (किडनी आणि थायरॉइडमध्येही ते असतं, हे लक्षात ठेवून). डब्ल्यूटी-१ सिरस कॅन्सरकडे बोट दाखवतं, पण ते अस्तरालाही रंगवतं, त्यामुळे ते एकट्याने वाचायचं नाही. सीके-२० आणि सीडीएक्स-२ आलं तर आतड्याकडे बघायला हवं.

माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका रंग पी-५३ चा. ओव्हरीच्या कॅन्सरचा जो सर्वांत जास्त आढळणारा आणि जीवघेणा प्रकार आहे, हाय-ग्रेड सिरस, त्यात टीपी-५३ हे जनुक जवळजवळ प्रत्येक रुग्णात बिघडलेलं असतं. २०११ च्या टीसीजीए या कॅन्सरच्या जनुकांच्या मोठ्या अभ्यासात ते ९६ टक्के गाठींत बिघडलेलं सापडलं. निरोगी पेशींना हा रंग दिला की काही केंद्रकं फिकट, काही गडद, काही कोरी, असं विखुरलेलं चित्र दिसतं. बिघाड असला की बहुतेक वेळा दोनपैकी एक दिसतं: एक तर गुच्छातली सगळीच केंद्रकं गडद तपकिरी, नाहीतर एकही नाही (याला 'नल पॅटर्न' म्हणतात). हा दुसरा प्रकार नवख्या माणसाला "निगेटिव्ह आलं, बरं झालं" असा वाटतो. तो बरा नसतो. शेजारच्या साध्या लिम्फोसाइट पेशींना थोडा रंग आलाय आणि गुच्छाला अजिबात नाही, असं असेल तर पेशींनी ते प्रथिन बनवणंच सोडलंय. हे सगळं पाहायला गाळ भरपूर लागतो, म्हणून पाणी भरपूर पाठवा.

प्रश्न असतील तर विचारा. रिपोर्टचे फोटो टाकताना नाव झाका.

---

भीमाकाठ

ताई, धागा अगदी वेळेवर आला. आईचं वय ५८. दोन महिन्यांपासून पोट फुगतंय, भूक नाही, चार घास खाल्ले की पोट भरतं. आधी गावातल्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. मग सोनोग्राफीत पोटात पाणी निघालं. सीए-१२५ ६१२. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ओव्हरी "बल्की", ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जाड झालंय आणि "कार्सिनोमा ओव्हरीची शक्यता" असं लिहिलंय. पाणी काढून तपासलं तर "कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत." आता एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून टाकू, दुसरे म्हणतात केमो सुरू करू. वडील म्हणतात पाण्यात कॅन्सर नाही आला, मग कशाला? आम्ही सोलापूर जिल्ह्यात आहोत. काय करावं सुचत नाही.

---

स्लाइडवाली

भीमाकाठ, आधी थोडं थांबा. निदान हातात आल्याशिवाय ना ऑपरेशन, ना केमो. आठवडाभर उशीर झाल्याने जे बिघडेल त्यापेक्षा चुकीच्या दिशेने गेल्याने जास्त बिघडेल.

वडिलांना हे नीट समजावा: एकदा पाण्यात पेशी सापडल्या नाहीत याचा अर्थ कॅन्सर नाही असा होत नाही. किती पाणी पाठवलं होतं आणि सेल ब्लॉक केला होता का, हे लॅबला विचारा. पुन्हा पाणी काढायची वेळ आली तर निदान शंभर-दोनशे मिली पाठवायला सांगा. त्यात फॉर्मॅलिन घालायचं नाही. लॅब लांब असेल तर फ्रीजमध्ये ठेवून पाठवायचं, बर्फ होऊ द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट, आणि आपल्याकडे ही फार महत्त्वाची: पोटाचा टीबी. पोटात पाणी, जाड ओमेंटम, उतरलेलं वजन, ओव्हरीजवळ गाठीसारखं काहीतरी आणि सीए-१२५ शेकड्यांत. हे सगळं चित्र टीबीतही जसंच्या तसं दिसतं. सीटी वाचणाऱ्याला दोष नाही, फिल्मवर फरक करणं खरंच अवघड असतं. म्हणून पाण्यावर या तपासण्या हव्यात: प्रोटीन आणि अल्ब्युमिन, पेशींची मोजणी, आणि एडीए.

एडीए हेही प्रथिनच आहे, एक एन्झाइम. टीबीशी लढणाऱ्या पेशी जिथे गोळा होतात तिथे ते वाढतं. पोटाच्या पाण्यात ते साधारण ४० च्या आसपास किंवा वर आणि पेशींत लिम्फोसाइट जास्त असतील तर टीबीचा संशय बळावतो. पाण्यात टीबीचे जंतू शोधायला गेलं तर बहुतेक वेळा सापडत नाहीत, कल्चरला आठवडे लागतात, आणि जीन-एक्स्पर्ट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. म्हणून एडीएला एवढी किंमत. रक्तातल्या आणि पाण्यातल्या अल्ब्युमिनच्या फरकावरून सिरोसिस बाजूला काढता येतो, पण टीबी आणि कॅन्सर यांत त्यावरून फरक होत नाही, दोन्हींत तो कमीच असतो.

रक्तात सीईए (आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढणारं दुसरं प्रथिन) पण करून घ्या. सीए-१२५ ला सीईएने भागलं आणि उत्तर २५ च्या वर आलं तर मामला पोटातल्या दुसऱ्या अवयवापेक्षा ओव्हरीचा असण्याची शक्यता वाढते. कमी आलं तर जठर आणि आतडं दुर्बिणीतून बघायला हवं, कारण जठराचा कॅन्सर ओव्हरीवर पसरून अगदी असाच दिसतो.

आणि एवढं करूनही उत्तर मिळालं नाही तर सोनोग्राफीत बघून ओमेंटमची सुईने बायोप्सी. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, तुम्हाला ते जवळ पडेल.

---

माणदेशी

ताईंच्या टीबीच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. माझ्या बायकोच्या बाबतीत हेच झालं. सीए-१२५ आठशेच्या वर, पोटात पाणी, घरात रडारड. नातेवाईक भेटायला येऊन निरोप घेतल्यासारखे बोलून जायचे. एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं तर आत पोटाच्या पडद्यावर ज्वारीच्या दाण्यांएवढे पांढरे ठिपके. तुकडा तपासला, टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मोफत मिळाल्या. सहा महिन्यांचा कोर्स झाला, पाणी गेलं, सीए-१२५ आपोआप खाली आलं. आज ती शेतात माझ्याबरोबर काम करते.

भीमाकाठ, धीर सोडू नका. पण तुमच्या आईचं काय आहे ते तपासूनच कळेल, आमचं टीबी निघालं म्हणून तुमचंही निघेल असं मी म्हणणार नाही.

---

शमा_नागपूर

माझं वय ३१, एंडोमेट्रिओसिस आहे, डाव्या ओव्हरीत चार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ). कुणीतरी सीए-१२५ करायला लावलं, ९२ आलं. तेव्हापासून झोप उडाली आहे. एचई४ नावाची आणखी एक टेस्ट सांगितली आहे. करू का?

---

स्लाइडवाली

शमा, एंडोमेट्रिओसिसमध्ये ९२ हा आकडा रोजचा आहे. पाळीच्या दिवसांत रक्त दिलं असेल तर आणखी वाढतो. या वयात, माहीत असलेल्या चॉकलेट सिस्टसाठी खरं महत्त्व चांगल्या हाताने केलेल्या सोनोग्राफीला आहे. गाठीच्या आत घट्ट भाग आहे का, त्यात रक्तप्रवाह आहे का, हे त्यात दिसतं.

एचई४ चा फायदा हाच की ते एंडोमेट्रिओसिसमध्ये सहसा वाढत नाही. त्यामुळे सीए-१२५ वाढलेलं आणि एचई४ नॉर्मल असेल तर धीर येतो. मात्र किडनी नीट चालत नसेल तर एचई४ वाढतं, वयानुसार वाढतं, सिगारेट ओढणाऱ्यांत वाढतं. दोन्ही आकडे आणि पाळी चालू आहे की गेली आहे हे एकत्र करून 'रोमा' नावाचा एक निर्देशांक काढतात. तुमच्या गायनॅकला सोनोग्राफीत काही शंका असेल तर करा, केवळ भीतीपोटी करू नका.

एक सूचना सगळ्याच तरुण मुलींच्या आयांसाठी: पंधरा-वीस वर्षांच्या मुलीला ओव्हरीत घट्ट गाठ निघाली तर सीए-१२५ वर थांबू नका. त्या वयात वेगळ्या जातीच्या गाठी होतात आणि त्यांचे मार्कर वेगळे असतात: एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच. या गाठी बऱ्याचदा पूर्ण बऱ्या होतात आणि दुसरी ओव्हरी वाचवता येते, म्हणून ऑपरेशनच्या आधी हे रक्त गेलेलं असणं गरजेचं आहे.

---

कोष्टक

मला एक समजत नाही. टेस्ट इतकी स्वस्त आहे, तर चाळिशीनंतर प्रत्येक बाईने दरवर्षी का करू नये? आमच्या कंपनीच्या हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये बायकांसाठी सीए-१२५ आहेच. लवकर सापडलं तर चांगलंच की.

---

जीवरसायन

कोष्टक, तुमच्या नावाला साजेसं गणित मांडतो.

पाळी गेलेल्या बायकांमध्ये पाश्चात्त्य देशांत हा कॅन्सर साधारण २५०० मध्ये एकीला असतो असं धरतात. समजा तुमच्याकडे अशी चाचणी आहे की जी निरोगी बायकांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर "निरोगी" म्हणते. ऐकायला उत्तम. पण २५०० बायका तपासल्या तर उरलेल्या ५ टक्क्यांचे होतात १२५. म्हणजे एक खरी रुग्ण शोधताना सव्वाशे निरोगी बायकांना आपण "कॅन्सर असू शकतो" असं सांगणार. आणि ओव्हरीतच असलेल्या गाठीची खात्री करायला साधी सुई टोचून चालत नाही, ऑपरेशन करावं लागतं. म्हणून तज्ज्ञ म्हणतात की स्क्रीनिंगची (तक्रार नसलेल्या बायकांना तपासण्याची) चाचणी ९९.६ टक्के अचूकतेने निरोगी बायकांना वगळणारी हवी, तर दहा ऑपरेशनमागे एक कॅन्सर सापडेल. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी प्रमाणात आहे, त्यामुळे गणित आणखी बिघडतं.

हे नुसतं कागदावर नाही. अमेरिकेच्या पीएलसीओ नावाच्या स्क्रीनिंगच्या अभ्यासात ७८ हजारांवर बायका होत्या. निकाल २०११ मध्ये आले. तपासणी झालेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत. ३,२८५ जणींना खोटा इशारा मिळाला, त्यांतल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं आणि १६३ जणींना गंभीर त्रास झाला. कॅन्सर नसताना.

आता प्रथिनांच्या संशोधनातली एक गोष्ट सांगतो, कारण आमच्या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती ऐकायला हवी असं मला मनापासून वाटतं. २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकामध्ये एक शोधनिबंध आला. रक्ताच्या एका थेंबातल्या प्रथिनांचा मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वजनावरून वेगळे करणाऱ्या यंत्रावर) आलेख काढायचा आणि संगणकाने त्यातली खूण ओळखायची. ५० पैकी ५० कॅन्सर ओळखले, कॅन्सर नसलेल्या ६६ पैकी ६३ बरोबर. जगभर गाजावाजा झाला, 'ओव्हाचेक' नावाने चाचणी बाजारात येण्याच्या बेतात होती. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधले कीथ बॅगर्ली आणि त्यांचे सहकारी हे संख्याशास्त्रज्ञ त्या निबंधाच्या गटाने उघड केलेला डेटा घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की आलेखातले काही फरक कॅन्सरचे नव्हतेच, नमुने कसे आणि केव्हा मशीनवर चढवले याचे होते. आलेखाच्या ज्या भागात प्रथिनांची माहिती नसते, नुसता मशीनचा गोंगाट असतो, त्या भागावरूनही दोन गट वेगळे करता येत होते! अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि चाचण्यांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) २००४ मध्ये ती विक्री अडवली. २००८ मध्ये सहा प्रथिनांची 'ओव्हाश्युअर' आली आणि एफडीएच्या आक्षेपानंतर काही महिन्यांत मागे घेतली गेली.

टिकली ती 'ओव्हा-१', २००९ ची. पाच प्रथिनं: सीए-१२५, ट्रान्सथायरेटिन, अपोलायपोप्रोटीन ए-१, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि ट्रान्सफेरिन. पण मान्यता कशासाठी? जिच्या ओव्हरीत गाठ आधीच सापडली आहे आणि ऑपरेशन ठरलंय, तिला कॅन्सर सर्जनकडे पाठवायचं का, एवढंच ठरवायला. निरोगी बाईच्या तपासणीसाठी नाही.

---

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, म्हणून इकडचं लिहिते. इथे यूकेसीटीओसीएस नावाचा ओव्हरीच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगचा जगातला सगळ्यात मोठा अभ्यास झाला, २ लाखांवर बायका, भरती २००१ ते २००५. त्यातल्या एका गटात एकाच आकड्यावर न थांबता प्रत्येक बाईचं सीए-१२५ दरवर्षी तिच्या स्वतःच्या आधीच्या आकड्यांच्या तुलनेत किती चढतंय हे बघितलं. कल्पना फार चांगली होती. कॅन्सर लवकरच्या स्टेजला जास्त सापडलेही. तरी २०२१ च्या अंतिम निकालात मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. त्या निकालाच्या दिवशी आमच्या वॉर्डात सगळ्याच गप्प होत्या.

त्यामुळे इथे निरोगी बाईला सीए-१२५ करत नाहीत. पण तक्रार असेल तर मात्र लगेच करतात. २०११ मध्ये नियमच आला: विशेषतः पन्नाशीपुढच्या बाईला पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीला लागणं यांपैकी काही महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा होत असेल तर जीपीने (फॅमिली डॉक्टरने) सीए-१२५ करायचं, ३५ किंवा वर आलं तर सोनोग्राफी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच 'आयबीएस' (पोट बिघडण्याचा जुनाट त्रास) सुरू झालं असं कुणी सांगितलं तर आम्ही ओव्हरीचा विचार करतोच.

भीमाकाठच्या आईंना गॅसच्या गोळ्या मिळाल्या हे वाचून वाईट वाटलं. भारतात बायकांच्या कॅन्सरमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखाच्या खालोखाल हाच आहे. पोट फुगण्याला "वयाचं" म्हणून सोडून देऊ नका, एवढं आपापल्या घरातल्या सगळ्या बायकांना सांगा.

---

कोष्टक

पटलं. पॅकेजमधून ते काढायला एचआरला मेल करतो. एक शंका मात्र आहे. पाण्यात पेशी सापडतात, तर गाठीतलंच पाणी सुईने काढून का तपासत नाहीत? ऑपरेशन वाचेल.

---

स्लाइडवाली

कोष्टक, विचार बरोबर आहे पण धोका मोठा आहे. ओव्हरीतली गाठ पूर्ण बंद असताना आत कॅन्सर असेल तर ती स्टेज वन-ए असते. सुईने भोक पडून आतलं पाणी पोटात सांडलं की ती वन-सी होते. म्हणजे जी बाई कदाचित नुसत्या ऑपरेशनने बरी झाली असती तिला केमोपर्यंत न्यायची वेळ आपण आणू शकतो. म्हणून संशयास्पद गाठीत बाहेरून सुई घालत नाहीत, ती अख्खी काढतात आणि ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून लगेच तपासणं) करून बघतात. पोटात आधीच मोकळं असलेलं पाणी काढणं ही वेगळी गोष्ट, ते बिनदिक्कत काढावं.

शिवाय गाठीतल्या पाण्यात साध्या गाठीतही सीए-१२५ प्रचंड असू शकतं, त्यामुळे तो आकडा तिथे निरुपयोगी. पेशीही फार कमी मिळतात.

---

जीवरसायन

थोडी भर. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या गटाने ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींतल्या द्रवातली प्रथिनं तपासण्यावर बरीच वर्षं काम केलं आहे. गाठीतला द्रव कॅन्सरला चिकटून असतो, त्यामुळे रक्तात विरून जाणारी प्रथिनं तिथे दाट मिळतात. म्हणून शोधायला ती जागा चांगली. पण नंतर तीच प्रथिनं रक्तात सापडायला हवीत, तरच रोजच्या वापरात येणार, आणि तिथेच बहुतेक उमेदवार गळतात.

आणखी एक अडचण आहे. हाय-ग्रेड सिरस कॅन्सर बहुतेक वेळा ओव्हरीत नव्हे तर फॅलोपियन ट्यूबच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतो, हे आता बऱ्यापैकी मान्य झालंय. सुरुवातीचा ठिपका इतका लहान असतो की त्याचं प्रथिन रक्तात पोहोचून मोजण्याइतकं होईपर्यंत पेशी पोटात पसरलेल्या असतात. म्हणून काही गट गर्भाशय धुऊन आलेल्या पाण्यात किंवा पॅप स्मिअरच्या द्रवात टीपी-५३ चा बिघाड शोधताहेत. मला स्वतःला त्या दिशेकडून जास्त आशा आहे, पण आज दवाखान्यात मागण्याजोगं त्यातलं काही नाही.

---

मोगरा_पुणे

आईचं ऑपरेशन आणि केमो होऊन वर्ष झालं. ती दर महिन्याला सीए-१२५ करून घेते. रिपोर्ट येण्याआधीचे दोन दिवस घरात कुणी नीट जेवत नाही. मागच्या वेळी १२ होतं, आता १९. वाढतंय का?

---

स्लाइडवाली

मोगरा, १२ चं १९ होणं यात काळजीचं काही नाही. वेगळ्या लॅबमध्ये वेगळं मशीन असलं तरी एवढा फरक पडतो. म्हणून नेहमी एकाच लॅबमधून करा.

दर महिन्याला करण्याबद्दल एक महत्त्वाचा अभ्यास आहे, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. उपचारांनंतर बऱ्या असलेल्या बायकांमध्ये सीए-१२५ नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीपलीकडे गेलं की अर्ध्या जणींना लगेच केमो दिली, उरलेल्यांना प्रत्यक्ष त्रास सुरू झाल्यावर. लगेच केमो घेतलेल्या गटाला सरासरी जवळपास पाच महिने आधी केमो लागली. आयुष्य मात्र दोन्ही गटांत सारखंच भरलं, आणि लवकर केमो घेतलेल्यांचे बरे दिवस उलट कमी झाले. तेव्हापासून औषधं आणि ऑपरेशनं सुधारली आहेत, त्यामुळे "करूच नका" असं मी म्हणत नाही. पण ऑन्कोलॉजिस्टशी बोलून तीन महिन्यांनी केलं तर चालेल का ते विचारा. आईंना त्या मधल्या दिवसांत निवांत जेवता येईल, ही काही लहान गोष्ट नाही.

---

भीमाकाठ

ताई, अपडेट देते. पुन्हा पाणी काढलं, दीड लिटर निघालं, या वेळी मी स्वतः उभं राहून मोठ्या बाटलीत भरून घेतलं आणि थर्माकोलच्या डब्यातून लॅबला नेऊन दिलं. एडीए १४ आलं. सीईए १.८. सेल ब्लॉकचा रिपोर्ट काल मिळाला: पॅक्स-८ पॉझिटिव्ह, डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह, पी-५३ "नल पॅटर्न", कॅलरेटिनिन निगेटिव्ह. खाली "हाय-ग्रेड सिरस कार्सिनोमाशी सुसंगत" असं लिहिलंय. तुम्ही लिहिलेलं वाचलं होतं म्हणून "नल" बघितल्यावर मला कळलं.

माणदेशी काका, टीबी निघावा म्हणून रोज प्रार्थना करत होते. तसं नाही झालं. डॉक्टर म्हणतात आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. वडील आता तयार आहेत. रिपोर्टवर नाव छापून आल्यावर त्यांनी विरोध सोडला.

---

माणदेशी

ताई, वाचून फार वाईट वाटलं. पण आता काय आहे ते कळलंय आणि उपचार सुरू होताहेत. सोलापुरात किंवा बार्शीला रक्ताची, राहण्याची काही सोय लागली तर हक्काने व्यनि करा. माझा मेहुणा तिकडेच असतो.

---

स्लाइडवाली

भीमाकाठ, तुम्ही बाटली स्वतः नेऊन दिलीत त्याने आईंना नेमकं निदान मिळालं आणि निदानासाठी पोट उघडावं लागलं नाही. आता पुढच्या कामाच्या गोष्टी लिहिते.

हॉस्पिटलमध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आधी करा, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. सेल ब्लॉकचा मेणाचा ठोकळा आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. दुसऱ्या मोठ्या ठिकाणी मत घ्यायचं झालं, टाटाला जायचं झालं, तर पुन्हा पाणी काढावं लागणार नाही. पहिल्या केमोच्या दिवशीचं सीए-१२५ नोंदवून ठेवा. निदानासाठी हा आकडा कच्चा असला तरी औषध लागू पडतंय का हे सांगायला तो फार चांगला आहे. पहिल्या शंभर दिवसांत तो किती भराभर उतरतो यावरून डॉक्टरांना बराच अंदाज येतो.

आणि बीआरसीए ही जनुकांची तपासणी आईंची जरूर करा. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये ती प्रत्येक रुग्णाला करायला सांगतात. त्यावर पुढे गोळ्यांच्या स्वरूपातलं औषध देता येईल का ते ठरतं.

---

भीमाकाठ

बीआरसीए आलं तर मलाही करावं लागेल का? मी ३४ ची आहे, एक मुलगी आहे. धाकटी बहीण २९ ची.

---

स्लाइडवाली

आधी आईंची होऊ द्या. त्यांच्यात दोष सापडला नाही तर त्या दोषासाठी तुम्हा बहिणींना तपासायची गरज नाही. सापडला तर तुम्हा दोघींना प्रत्येकी निम्मी शक्यता आहे, आणि मग फक्त तेवढाच एक दोष शोधणारी तपासणी करायची, ती पूर्ण तपासणीपेक्षा खूप स्वस्त पडते. भाऊ असेल तर त्यालाही सांगा, पुरुषांतूनही हा दोष पुढे जातो. तुमच्या मुलीची आत्ता काहीच करायची नाही, ती सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवेल.

टाटामध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. रक्त देण्याआधी आणि रिपोर्ट आल्यावर तिथल्या समुपदेशकांशी बोलता येतं. आईंचं पहिलं केमो झालं की तारीख घेऊन ठेवा.